मोडेम बोलेनासा झाला तर

द्वितीय वर्ष, कला

वार्षिक अंकात कलाशाखेच्या विद्यार्थिनीने मोडेमवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संगणकावर विज्ञानवाल्यांनी लिहावे आणि आम्ही पावसावर कविता कराव्यात, अशी वाटणी आपल्याकडे कोणी न करताच होऊन गेली आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडील नालासोपाऱ्यात रिक्षा चालवतात. घरात संगणक नव्हता, तेव्हा तो बिघडण्याचाही प्रश्न नव्हता. असे असूनही गेल्या हिवाळ्यात मी पंचवीस वर्षांच्या एका जुन्या संगणकापुढे आणि त्याच्या मोडेमपुढे दहा-बारा दिवस बसले होते. त्या दिवसांत जे समजले ते येथे सांगते.

आधी मोडेम म्हणजे काय ते पाहू, कारण आमच्या वयाच्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी तीतून नीट जातात. संगणकाजवळ मात्र असतात केवळ शून्य आणि एक. मोडेम या शून्य-एकांचे ध्वनीत रूपांतर करून तो ध्वनी तारेवर सोडतो. पलीकडचा मोडेम तो ऐकून पुन्हा शून्य-एक करतो. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या तुकड्यांवरून त्याचे नाव पडले. आमच्या प्राध्यापकांपैकी काहींना ती किर्रर्र आणि नंतरची घरघर अजून आठवत असेल.

मुंबईत १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने. वैयक्तिक वर्गणी होती २५० तासांना ५,००० रुपये आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे ताशी वीस रुपये झाले, आणि टेलिफोनचे बिल वेगळे. त्यातही चित्रे नाहीत. पडद्यावर नुसती अक्षरे, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला युनिक्स जातीचा मोठा संगणक.

आपल्या वसईकरांची त्यात आणखी एक अडचण. लोकल गाडीने आपण मुंबईचे असलो तरी टेलिफोनने नव्हतो. मुंबईचा कोड ०२२ आणि आपला ०२५०. मुंबईत महानगर टेलिफोन निगम, तर आपल्याकडे दूरसंचार खाते आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम. मुंबईचा नंबर फिरवला की तो एसटीडी कॉल धरला जाई. पुढे संचारनेटचा १७२२३३ हा क्रमांक आला, तेव्हा कुठे स्थानिक दराने इंटरनेट मिळू लागले. आता तो सगळा काळ गेला. तांब्याच्या तारांची जागा फायबर घेत आहे. अमेरिकेतही एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. मग आज याची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर निर्मळला आहे.

इतिहासाच्या सरांनी आम्हाला वसई तालुक्यातील दळणवळणावर प्रकल्प दिला होता. माझ्या वाट्याला टेलिफोन आला. विचारत विचारत मी निर्मळमध्ये एका काकांकडे पोहोचले. टेलिफोन खात्यात तारांची कामे करून ते निवृत्त झालेले. प्रकल्पाची माहिती त्यांनी भरभरून दिली आणि निघताना म्हणाले, “बाय, तुला संगणकातलं काही समजतं का?” घरातल्या कोपऱ्यात चादरीखाली एक संगणक होता. काकी हयात असताना त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली सामवेदी गाणी गोळा केली होती. सामवेदी म्हणजे ज्या बोलीला कोणी कादोडीही म्हणतात ती. वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. पण त्याआधी काकींनी सगळे संगणकात उतरवले होते. एकूण १८३ फाइली. ज्यांच्याकडून गाणी घेतली त्यांतली आता कोणीही उरलेली नाही, आणि काकीही नाहीत.

संगणक चालू होत होता, मात्र त्यातून काही बाहेर काढण्याची वाट नव्हती. फ्लॉपीचा खण मेलेला, पेन ड्राइव्ह ओळखण्याइतका तो नवा नाही, नेटवर्कचे कार्ड नाही. विरारचा एक दुरुस्तीवाला डिस्क उचकटून नेतो म्हणाला होता. पण डिस्क मधूनच टकटक आवाज करीत होती आणि पेटी घराबाहेर द्यायला काका तयार नव्हते. बाहेर जाणारी एकच तार होती, ती मोडेमची. (दोन संगणक सरळ तारेने जोडता येतात हे मला ठाऊक आहे. तशी तार आमच्याकडे नव्हती, आणि मोडेम समोरच पडलेला होता.)

त्या संगणकावर लिनक्स होते, रेड हॅटची ६.२ ही २००० सालची आवृत्ती. काकींच्या भाच्याने ती घातली होती आणि तो परदेशी गेला. त्या काळी संगणकाच्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी मिळत. लिनक्स ही लिनस टोरव्हाल्ड्सची निर्मिती. १९९१ साली तो हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी होता, वय एकवीस. गमतीची गोष्ट अशी की घरून मोडेमने विद्यापीठाच्या युनिक्स संगणकाला जोडून घेता यावे म्हणून तो एक छोटा प्रोग्राम लिहीत होता. तो वाढत वाढत गेला आणि त्यातून लिनक्स उभे राहिले. म्हणजे लिनक्सच्या बाळंतपणाला मोडेम हजर होता. तरीही नवशिक्याला लिनक्सवर सर्वांत जास्त कोणी रडवले असेल तर मोडेमनेच.

त्याचे मुख्य कारण समजून घ्यावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त मोडेम बाजारात आले. खऱ्या मोडेममध्ये ध्वनी घडवणाऱ्या चिपा त्याच्या स्वतःच्या असतात. स्वस्त मोडेममध्ये त्या काढून टाकल्या आणि ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकलले. हे काम करणारा प्रोग्राम कंपन्यांनी बहुधा विंडोजसाठीच लिहिला, म्हणून त्यांना विनमोडेम असे नाव पडले. विंडोजवर ते मुकाट चालत. लिनक्सवर तोच मोडेम म्हणजे टेलिफोनचे भोक असलेली नुसती पट्टी. पुढे ल्यूसंटसारख्या काही चिपांसाठी लिनक्सवरही प्रोग्राम निघाले, पण सगळ्यांसाठी नाही. ओळखण्याची ढोबळ खूण सांगायची तर, संगणकाच्या पोटात बसणारे पीसीआय कार्ड असेल तर संशय घ्यावा. बाहेर ठेवायचा, स्वतःचा वीजपुरवठा असलेला आणि सीरियल तारेने जोडलेला असेल तर निश्चिंत असावे. काकांचा मोडेम दुसऱ्या जातीचा होता. तसा नसता तर हा लेख येथेच संपला असता.

दुसऱ्या टोकालाही मोडेम हवा. एका मैत्रिणीचा जुना लॅपटॉप मिळाला, त्यावर आजचे लिनक्स घातले. मोडेमसाठी लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने आधी पीसीआय कार्डांचा ढीग पुढे ओतला आणि मी कोणत्या शाखेची हे ऐकून हसला. शेवटी त्याच्या फळीवर धूळ खात पडलेला यूएसबीचा एक मोडेम निघाला, स्वतःच्या चिपा असलेला. लॅपटॉपमध्ये खोचताच लिनक्सने त्याला टीटीवाय-एसीएम शून्य असे नाव दिले. वेगळा प्रोग्राम लागला नाही.

आता खरा विषय. डायल-अपची जोडणी ही एक गोष्ट आहे असे आपण समजतो, म्हणून ‘चालत नाही’ एवढेच म्हणून थांबतो. ती पाच-सहा जणांच्या हातांतून जाणाऱ्या पाण्याच्या बादलीसारखी आहे. संगणक मोडेमशी बोलतो, मोडेम एक्स्चेंजशी, एक्स्चेंज पलीकडच्या मोडेमशी, आणि त्यानंतर दोन्हीकडचे प्रोग्राम एकमेकांशी. बादली कोणत्या हातात अडली हे आधी पाहावयाचे. विंडोज हे हात पडद्याआड ठेवते आणि एकच खिडकी दाखवते. लिनक्सवर प्रत्येक हात वेगळा दिसतो. त्याने नवशिका घाबरतो खरा. पण बिघाड शोधायचा असेल तर यासारखी सोय नाही.

पहिली पायरी संगणकाची नाही, तारेची. मोडेमला दोन भोके असतात, एक लाइनचे आणि एक फोनचे. लाइनची तार लाइनच्या भोकात आहे ना, आणि त्याच तारेला साधा टेलिफोन लावला तर डायल टोन ऐकू येतो ना, एवढे पाहावे. काकांनी घर आणि मागच्या वाडीतली खोली यांच्यामध्ये पूर्वी इंटरकॉमची पेटी बसवली होती. तीच आमची एक्स्चेंज. घरातला क्रमांक २१, वाडीतला २२.

दुसरी पायरी संगणक आणि मोडेम यांची. यासाठी मिनिकॉम नावाचा प्रोग्राम आहे. त्यात एटी ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबावयाचे. मोडेमने ‘ओके’ असे उत्तर दिले तर ही पायरी ठीक. एटी म्हणजे अटेन्शन. आपल्या ‘अहो, इकडे पाहा’ सारखे. आमच्याकडे ओके येईना. येथे नाव आणि क्रमांक पाहावे लागतात. विंडोज ज्याला कॉम १ म्हणते त्याला लिनक्स टीटीवायएस ० म्हणते, आणि कॉम २ ला टीटीवायएस १; लिनक्सची मोजणी शून्यापासून. त्या संगणकाचा माउसही सीरियलच होता आणि त्याने पहिली जागा घेतलेली. मोडेम दुसरीवर होता. मिनिकॉमला तसे सांगितले, तर ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्र ही एक फाइल आहे आणि प्रत्येक फाइलला मालक असतो. सीरियल जागांचा हक्क जुन्या रेड हॅटमध्ये यूयूसीपी नावाच्या गटाकडे असतो. आपले नाव त्या गटात घातल्यावाचून दार उघडत नाही, आणि ते घालायचे तर रूट या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड हवा. तो भाच्याबरोबर परदेशी गेलेला! संगणक सुरू होताना लायलोची पाटी येते, तेथे ‘लिनक्स सिंगल’ असे टाइप केले की तो पासवर्ड न विचारता रूट म्हणून आत घेतो. संगणक आपल्या ताब्यात असला की किल्लीही आपल्या ताब्यात. हे सोयीचे आहे की धोक्याचे, ते वाचकांनी ठरवावे.

यानंतर ‘जागा अडवलेली आहे’ असाही निरोप आला. एखादा प्रोग्राम मोडेम वापरतो तेव्हा ‘मी येथे आहे’ अशी कुलपाची फाइल ठेवतो. मध्येच वीज गेली तर तो प्रोग्राम मरतो, कुलूप राहते. निर्मळला वीज जाण्याचे नवल नाही. व्हार आणि लॉक या नावांच्या डिरेक्टरीतून ती फाइल पुसून टाकली, आणि पडद्यावर ‘ओके’ आले. काकांनी चहा टाकायला सांगितला.

हे सगळे मला कोणी शिकवले, असे मैत्रिणी विचारतात. त्या संगणकाच्याच पोटात पुस्तके होती. मोडेम हाऊ-टू, सीरियल हाऊ-टू, पीपीपी हाऊ-टू अशी त्यांची नावे. जगभरच्या लोकांनी फुकट लिहिलेली. इंग्रजी साधे आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मला एक पान वाचायला अर्धा तास लागे, पण शब्द तेच तेच येतात, तिसऱ्या दिवशी वेग आला. एटी आज्ञांची यादी मी वहीत उतरवून घेतली. ती वही अजून आहे.

तिसरी पायरी, मोडेम आणि एक्स्चेंज. एटीडीटी आणि पुढे क्रमांक ही नंबर फिरवण्याची आज्ञा. (फार जुन्या, चकतीच्या पद्धतीच्या एक्स्चेंजला टीऐवजी पी लिहितात.) आम्ही २२ फिरवला आणि उत्तर आले, ‘नो डायलटोन’. टेलिफोनला लावले तर टोन स्पष्ट ऐकू येत होता. आता काय म्हणावे? याचे उत्तर मला फार आवडले. डायल टोन सगळ्या जगात सारखा नसतो. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा असतो. भारतात ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. शिवाय इंटरकॉमच्या पेट्यांचा सूर आणखी निराळा. मोडेम त्याच्या घरचा सूर शोधत बसतो आणि समोरचा परका सूर ऐकूनही ‘सूर नाही’ म्हणतो. त्याला एटीएक्स३ अशी आज्ञा दिली की तो डायल टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. एंगेज टोन मात्र ओळखतो.

वाडीतल्या खोलीत लॅपटॉपजवळ मी बसले होते. पडद्यावर ‘रिंग’ अशी अक्षरे उमटली. टेलिफोनची घंटा अक्षरांत वाचण्याचा तो माझा पहिला अनुभव. एटीए म्हणजे ‘उचल’. उचलला, आणि ती किर्रर्र सुरू झाली.

चौथी पायरी, मोडेम ते मोडेम. उचलणारा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा लांब सूर काढतो. लांबच्या कॉलवर टेलिफोन कंपन्या प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे लावत. मोडेमच्या संभाषणात ती आड येतात, म्हणून हा सूर त्यांना ‘तुम्ही गप्प बसा’ असे सांगतो. मग दोघे आपापला वेग सांगतात, तार कशी आहे ते चाचपतात, आणि दोघांना झेपेल त्या वेगावर तडजोड करतात. माणसांच्या बैठकींत यापेक्षा जास्त वेळ जातो. ठराविक वेळात जमले नाही तर ‘नो कॅरिअर’ असे लिहून फोन ठेवतात. आमच्याकडे चार वेळा नो कॅरिअर झाले.

येथे माझी वही संपली आणि काकांची विद्या सुरू झाली. त्यांनी टेलिफोन लावून तार नुसती ऐकली आणि म्हणाले, “खरखर आहे.” मला काहीच ऐकू आले नव्हते. भिंतीवरची रोझेट उघडली तर आतले स्क्रू हिरवे पडलेले. खाऱ्या हवेत तांब्याचे असेच होते. त्यांनी ब्लेडने तारांची टोके खरवडली, स्क्रू बदलले, परत ऐकले आणि मान हलवली. पाचव्या वेळी पडद्यावर आले, ‘कनेक्ट ३१२००’.

मोडेमवर ५६ के असे लिहिलेले असताना ३१,२०० च का, हा प्रश्न मलाही पडला. ५६ किलोबिटचा वेग मिळायला एका टोकाची जोडणी थेट डिजिटल असावी लागते, जशी इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे असे, आणि तोही केवळ त्यांच्याकडून आपल्याकडे येताना. दोन्ही टोकांना साधे मोडेम असतील तर कमाल ३३.६. त्या तारेवर ३१.२ म्हणजे चांगलेच झाले.

इंटरनेटवर जायचे असते तर आणखी दोन पायऱ्या चढाव्या लागत. त्या काळच्या अनेकांचे घोडे तेथेच अडले, म्हणून थोडक्यात सांगते. मोडेम जोडला गेल्यावर पीपीपी नावाची बोली सुरू व्हावी लागते. लिनक्सवर ते काम पीपीपीडी करतो. तो काय म्हणतो ते मेसेजेस नावाच्या नोंदवहीत उमटत राहते. तेथे ‘एलसीपी टाइमआउट’ दिसले तर पलीकडे पीपीपी बोलणारा कोणी अजून उठलेलाच नाही, बहुधा तो नाव आणि पासवर्ड विचारत ताटकळला आहे. ‘पॅप ऑथेंटिकेशन’ फसले तर पासवर्डच्या फाइलीत पाहावे. सगळे जमून क्रमांकाने पिंग जाते पण नावाने पान उघडत नाही, तर रिझॉल्व्ह कॉन्फ या फाइलीत नावांचे पत्ते सांगणाऱ्या संगणकाचा क्रमांक नाही असे समजावे. आणि तासभर नीट चालून मध्येच जोडणी तुटत असेल तर कॉल वेटिंगची टुक्‌ आठवावी. तेवढ्या आवाजानेही मोडेमचे बोलणे मोडते.

आम्हाला एवढे लागले नाही. कनेक्ट झाल्यावर मिनिकॉममधूनच झेड-मोडेम पद्धतीने फाइली पाठवता येतात. ही पद्धत प्रत्येक तुकडा तपासून घेते आणि मध्ये तुटले तर जेथे तुटले तेथूनच पुढे चालू करता येते, म्हणून टकटकणाऱ्या डिस्कसाठी ती बरी. काका घरात संगणकापाशी आणि मी वाडीत. फाइलींची नावे एकामागून एक पडद्यावर सरकू लागली. सगळी मिळून दोन लाख अक्षरे, मिनिटभरात आली. काकांना ते पटेना. मी लॅपटॉप उचलून घरात गेले, १८३ मोजून दाखवल्या आणि मधलीच एक फाइल उघडली. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले.

गाणी रोमन लिपीत आहेत. तेव्हा लिनक्सवर देवनागरी लिहिण्याची सोय नीट झाली नव्हती, म्हणून काकींनी इंग्रजी अक्षरांत बोली लिहिली. आता ती देवनागरीत आणण्याचे काम चालू आहे. रोमनमधला ए हा अ आहे की आ, आय ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे फाइल सांगत नाही. रविवारी मी निर्मळला जाते, काका वाचून दाखवतात, मी लिहून घेते. आतापर्यंत चाळीस झाली. जेथे काकाही अडतात तेथे खूण करून ठेवतो आणि गावातल्या एका आजींकडे जातो. त्यांच्या घरी फोन आहे, पण फोनवर त्या गात नाहीत. समोर जाऊन बसावे लागते.